दर सायकलीला आठ हुक

हुक डोक्याला लागला तो काही फार जोरात लागला नाही. जिना धुवायला काढलेला, म्हणून ती रंगखात्यातून आडवी निघाली होती. काखेत फायली, डोक्यात तीन वाजताची बैठक. आणि वरच्या साखळीवरून परत चाललेला एक रिकामा हुक तिच्या अंबाड्याला धडकला, दोन-चार केस ओढून घेतले आणि आपल्या वाटेने पुढे गेला. "बाई, वाका की खाली!" रंगारी ओरडला. रंगखात्याचा हा जुना प्रमुख. नखं कायम चालू आठवड्याच्या रंगाची, या आठवड्यात पोपटी. "भरलेले हुक कसे शहाण्यासारखे जातात. रिकाम्यांनाच माज!" ती डोकं चोळत उभी राहिली. चिडायला हवं होतं, ओठांवर आलंही होतं, पण तिने वर पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं. भट्टीतून निघालेले सांगाडे पलीकडे उतरवले जात होते आणि मोकळे झालेले हुक झुलत, एकमेकांना टकटक करत, भिंतीतल्या चौकोनी भोकातून पुन्हा सुरुवातीला निघाले होते. एकामागे एक. सवयीने ती मोजायला लागली, आणि चाळिसापर्यंत गेल्यावर थांबली. "हे परत चाललेत," ती म्हणाली. "मग? जातील कुठे बिचारे? पक्के नोकरीवर आहेत," रंगारी म्हणाला. एकोणीस वर्षं ती या कारखान्यात होती, एकोणीस वर्षं हे हुक तिच्या डोक्यावरून येत-जात होते, काल गेले होते, परवा गेले होते, आणि तिला कधी दिसले नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो असा. कारण तिच्या कागदांत यातला एकही हुक परत येत नव्हता. तिच्या कागदांत प्रत्येक हुक सायकलीबरोबर खोक्यात बसत होता, दुकानात जात होता आणि कुणाच्या तरी घरी कायमचा राहत होता.

ती पळाली. चाळिशीची बाई फायली छातीशी धरून ओल्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या घेत पळाली, आणि जिना पुसणारी मागून "अहो बाई, माझी पुसलेली पायरी!" म्हणून कळवळली तरी थांबली नाही. कारण छोटी चालू ठेवायची की बंद करायची, त्याचा आज तीन वाजता निकाल होता. छोटी म्हणजे या कारखान्याची लहान मुलांची सायकल, मागे आधाराची दोन चिमुकली चाकं असलेली. ती विकली जायची एकवीसशे चाळीसला आणि पडायची बावीसशे तीनला. म्हणजे प्रत्येक सायकलीमागे त्रेसष्टचा खड्डा, आणि हा खड्डा हिच्याच तक्त्याने दाखवलेला. छोटीच्या लाईनवर अकरा माणसं होती. सकाळी फाटकाशीच त्यांतली आरेवाली, चाकात आरे भरून चाक सरळ करणारी, हिची डब्याची मैत्रीण, हिला गाठून म्हणाली होती, "खरं सांगा, तुमच्या कागदात आमचं काय आहे?" आणि ही म्हणाली होती, "बघू." बघू! हातात काही नसलं की माणूस बघू म्हणतो. खुर्चीत बसता बसता तिला आपल्याच त्या शब्दाची लाज वाटली, पण लाजेला आता वेळ नव्हता. कान गरम झाले होते. पेन्सिलीला टोक नव्हतं, तिने दुसरी घेतली, तिलाही नव्हतं, मग पेननेच लिहायला लागली.

गाडीची किंमत काढायचं तिचं काम लोकांना समजावून सांगायला तिला कधी जमलं नाही. नवऱ्याला वाटे, ही पगार वाटते. पण सायकल ही काही एक वस्तू नसते हो. वर सायकल, तिच्या खाली सांगाडा, चाकं, हँडल, सीट, चाकाच्या खाली रिम, आरे आणि हब, हबच्या खाली आस आणि छर्रे, छर्र्याच्या खाली काही नाही, तो विकत येतो. किंमत त्या तळाशी सुरू होते आणि पायरी पायरीने वर चढते. छर्रे, आस, हातमजुरी आणि वाया जाणारे चार मिळून हब होतो. हबला आरे आणि रिम मिळाले की चाक होतं. आणि प्रत्येक पायरीवर थोडी मजुरी, थोडी नासाडी, थोडा वरखर्च तिच्या अंगाला चिकटत जातो. कारखान्यात याला रोलअप म्हणतात. खाली कुठे काही चुकलं तर ते वर चढताना फुगतं, आणि वरच्या माणसाला फक्त ओझं कळतं, कशाचं ते कळत नाही. तिला हे चढणं मनापासून आवडायचं. सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी, तिच्या वडिलांनी, सुट्टीच्या दिवशी एक जुनं पेडल घरी आणून ताटलीत उघडलं होतं. तेही याच कारखान्यात फिटर होते. "याच्या आत काय?" "आस." "तिच्याभोवती?" "छर्रे." "आणि छर्र्याच्या आत?" "त्याच्या आत काही नाही गं, तिथे संपलं." ते 'तिथे संपलं' तिला इतकं आवडलं होतं की त्या रात्री ती ताटलीतले छर्रे उशीखाली घेऊन झोपली आणि सकाळी आईचा मार खाल्ला.

आता ती छोटीच्या रंगवलेल्या भागांशी पोचली होती. सांगाडा, एक हुक. पुढचा चिमटा, एक. मडगार्ड दोन, दोन. साखळीचं झाकण, एक. मागचा कॅरियर, एक. आधारचाकांच्या पट्ट्या दोन, दोन. आठ! एक एवढीशी सायकल आणि आठ हुक. बारीक सळई, दोन वळणं, टोकाला झाळ, असा एक हुक घरच्या घरी सव्वीसला पडत होता, आणि नासाडी-वरखर्च लागून वर चढता चढता सव्विसाचे अठ्ठावीस होत होते. आठ अठ्ठावीस दोनशे चोवीस. तिने एकदा केलं, कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात परत केलं, मग बोटांवर केलं, शाळेतल्यासारखं. बावीसशे तीन वजा दोनशे चोवीस, एकोणीसशे एकोणऐंशी. "अगं बाई," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. छोटी तोट्यात नव्हतीच! छोटीच्या गळ्यात कारखान्याने आठ लोखंडी हुक अडकवले होते आणि वर विचारत होता, ही दमते का! मोठ्या सायकलीला फक्त दोन हुक, तिची मडगार्ड प्लास्टिकची. तिच्या साडेचार हजारांत छप्पन्नाचं काय जाणवणार? मार बसला तो छोटीला. तिला हसू यायला लागलं, दाबलं तर जास्तच यायला लागलं, आणि त्यात डबा उघडायचा राहून गेला.

पण हुक दिसले कसे नाहीत कुणाला? हा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर त्याच्या मागोमाग धावत आलं, आज सगळंच धावत येत होतं. दिसले होते की! दर वर्षी मालाची मोजणी व्हायची आणि दर वर्षी हुक हजारांनी जास्त निघायचे. कागद म्हणायचा, सगळे सायकलींबरोबर गेले. प्रत्यक्षात ते फडताळात ढिगाने. तपासनीस म्हणायचा, "वाढावा आहे ना? मग छान," आणि तो वाढावा सगळ्या कारखान्याच्या सामायिक खात्यात जमा व्हायचा, छोटीच्या वाट्याला त्यातलं काही नाही. एक स्क्रू कमी निघाला तर चार जणांची झाडाझडती, आणि हजारो हुक जास्त निघाले तर कुणी विचारत नव्हतं की बाबांनो, आलात कुठून. हिनेही विचारलं नव्हतं. मोजणीच्या दिवशी ती स्वतः फडताळासमोर उभी राहून टिकमार्क करत होती. सांगायला लाज वाटावी असं आहे, पण त्या घडीला तिला लाज वाटत नव्हती. तिला त्या फडताळाची धूळ आठवून आनंद होत होता, कारण सगळं बसत होतं, एकात एक, खुट्कन.

मग तिने नोंदीची तारीख उघडली. उघडायला नको होती असं नाही, बैठकीत विचारतीलच. एकोणीस वर्षांपूर्वीची. तिच्याच नोकरीचा दुसरा महिना. सगळं आठवलं. तेव्हा जुनी रजिस्टरं पहिल्यांदा संगणकात घालायची होती, थोरले हिशेबनीस म्हणाले होते, "पोरी, रंगखात्याची चिठ्ठी आण आणि तसंच्या तसं भर." ती गेली. रंगारी तेव्हा काळ्या केसांचा होता, नखं लाल. त्याने पाळीची चिठ्ठी दिली: सांगाडे शंभर, प्रायमर इतका, रंग इतका, हुक शंभर. खरंच तर होतं, पाळीच्या सुरुवातीला फडताळातून शंभर हुक काढायचे. परत ठेवल्याची चिठ्ठी कुणी करायचं नाही, कारण ठेवायला कुणी लागायचंच नाही, साखळीच त्यांना फडताळापाशी आणून सोडायची. तिने शंभराला शंभराने भागलं आणि सांगाड्यापुढे लिहिलं, हुक, एक. आणि बाकीच्या सगळ्या रंगीत भागांपुढेही. एकवीस वर्षांची होती; नीटनेटकं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. थोरल्यांनी पाठ थोपटली होती.

ती पुन्हा रंगखात्यात गेली, यावेळी वाकून. "एक हुक किती फेऱ्या मारतो?" तिने विचारलं. रंगारी विचारात पडला. "चारशे तर डोळे झाकून. मग रंगाचे थर चढून जाड होतो, तेव्हा जाळून काढतो, आणि पुन्हा चारशे. का हो?" तिने सांगितलं. त्याने आधी मान हलवली, मग हलवायची थांबवली, मग पोपटी बोटांनी कपाळ पुसलं. "म्हणजे माझ्या चिठ्ठीने...?" "तुमच्या चिठ्ठीने नाही, माझ्या भागाकाराने." "अहो बाई, माझं नाव सांगा वर. माझी दोन वर्षं राहिलीत, मला काय करणार आहेत ते? तुमच्यापुढे अजून सगळं पडलंय." आणि तो हे इतक्या सहज म्हणाला की तिला तिथेच रडू येईल असं वाटलं, पण तिने चारशेने भागायला घेतलं. दोनशे चोवीस भागिले चारशे, अर्ध्याहून जरासं जास्त. छोटीची खरी किंमत एकोणीसशे ऐंशी धरायची. नफा एकशे साठ. एकशे साठ! अकरा माणसं एकशे साठ कमावून देत होती आणि आपण बुडवतोय असं समजून सहा महिने मान खाली घालून डबा खात होती.

पायऱ्या चढताना तिचं डोकं थांबेना. ही तिची जुनी खोड; एकदा हिशेब सुरू झाला की तो सापडेल त्यावर चालत सुटतो. मोठी सायकल. दोन हुक, किरकोळ. शर्यतीची. दोन. आणि मधल्या पायरीवर पाय तसाच राहिला. तीनचाकी.

तीनचाकी सहा वर्षांपूर्वी बंद झाली. अगदी लहान पोरांची, मागे टोपली असलेली गुबगुबीत गाडी, आणि तिच्या लाईनचे मुख्य फिटर होते अण्णा. नऊ माणसं त्या लाईनवर. नऊच्या नऊ घरी गेली, अण्णा निवृत्तीच्या पाच वर्षं आधी. तक्ता हिचा होता. रात्रीच्या जेवणाआधी तिने तो त्यांच्यापुढे ठेवला होता, म्हणाली होती, "अण्णा, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..." त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले: पडते पंधराशे अठ्ठ्याऐंशीला, विकतो पंधराशे दहाला. चष्मा काढून मिटला. "तुझी बेरीज चुकायची नाही," ते म्हणाले. आणि जेवायला बसले. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही, कधी टोमणा नाही. आता जिन्यात, फाइलीच्या पाठीवर, भिंतीला कागद टेकवून तिने केलं: तीनचाकीचे रंगीत भाग तेरा, तेव्हाचा हुक वर पोचेपर्यंत चोविसाचा, तेरा चोवीस तीनशे बारा. वजा. बाराशे शहात्तर, हुकांचा खरा वाटा धरून बाराशे सत्त्याहत्तर. नफा दोनशे तेहतीस. कारखान्यातल्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त. बेरीज बरोबर होती, तेव्हाही आणि आताही. आणि खरं सांगायचं तर तिला अजूनही आनंदच होत होता. छातीत एक धारदार दुखणं उठलं होतं पण उजेड काही कमी होत नव्हता, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं आणि तिला कळेना की हसावं की बसावं. तीन वाजायला सात मिनिटं होती.

बैठकीत मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, होते आणि विक्रीवाला. "सकाळच्या तक्त्यात बावीसशे तीन होते," साहेब म्हणाले. "आता एकोणीसशे ऐंशी. डब्यात काय आणलं होतंत?" "डबा खाल्लाच नाही," ती म्हणाली आणि सुटली. उभी राहून, हातवारे करत, साखळी कशी जाते, हुक कसे येतात, हवेत बोट फिरवत सांगत सुटली. विक्रीवाला आ वासून बघत होता. "याला पुरावा?" साहेबांनी विचारलं. "रंगखात्याला फोन लावा." "उंदराला मांजर साक्ष," ते पुटपुटले, पण फोन लावला, ऐकलं, ठेवला. मग मोजणीचे कागद मागितले, तेही पाहिले. "कधीपासून आहे हे?" आणि इथे, एका श्वासापुरतं, वाट होती. त्या जुन्या नोंदींपुढे भरणाऱ्याचं नाव नव्हतं. थोरले हिशेबनीस जाऊन दहा वर्षं झाली होती, ते काही उठून बोलायला येणार नव्हते. रंगारी तर आपण होऊन मान पुढे करून बसला होता. 'जुन्या रजिस्टरातून आलं असावं,' एवढं म्हटलं की मिटलं, छोटीही वाचली आणि हीही. पण तिच्या पोटात सापडलेला हिशेब कधी राहिलेला नाही, अर्धा तर नाहीच. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "नोंद मी भरलेली आहे."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "आणखी कुठे आहेत हे हुक?" "मोठीत दोन, शर्यतीच्यात दोन, त्याने फरक पडत नाही. तीनचाकीत तेरा होते." विक्रीवाल्याच्या पेनाची टिकटिक थांबली. "तेरा काढले तर?" "दोनशे तेहतीस नफा." साहेबांनी चष्मा काढला. "त्या निर्णयावर सही माझी आहे." "बेरीज माझी आहे." "साचे भंगारात गेले. माणसं गेली. आता ते उकरून काय मिळणार?" "तुम्ही विचारलंत." "न विचारता?" "सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि स्वतःलाच ते ऐकून बरं वाटलं. मग साहेबांनी छोटीच्या फाइलीवर दोन ओळी लिहिल्या. "छोटी चालू राहील. बाकी सगळ्या याद्या पुन्हा तपासा, प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी बघून. तुमच्याबद्दल नंतर बोलू." "बोलू," ती म्हणाली, जणू चहाचं आमंत्रण होतं, आणि बाहेर पडली.

छोटीच्या लाईनवर आरेवालीने तिला दुरून येताना पाहिलं आणि हातातलं चाक फिरवायचं थांबवलं. "उद्या यायचं," ही ओरडली. "एकशे साठ नफ्यात आहात तुम्ही! उद्या यायचं, परवा यायचं!" आरेवाली म्हणाली, "मला काय सांगता, त्या घोड्याला सांगा, त्याने सकाळीच आपलं सामान खोक्यात भरून ठेवलंय," आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. कोपऱ्यातला तो घोडा, सहा फुटी पॅकिंगवाला, खोक्यातून आपला पेला, आरसा, चपला एकेक करून परत बाहेर काढू लागला. सगळे एकदम बोलत होते. कुणी हिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की फायली खाली पडल्या.

जिन्याखाली जरा शांत होतं. तिने माहेरी फोन लावला. अण्णांनीच उचलला. तिने ठरवलं होतं की आधी माफी मागायची, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "अण्णा, तीनचाकीला हुक धरले होते मी. रंगखात्याचे. दर गाडीला तेरा." पलीकडे नळाचा आवाज होता, तो बंद झाला. "हुक?" अण्णा म्हणाले. "अगं, ते तर परत येतात." "हो." "साखळीवरून." "हो अण्णा." "मला विचारायचंस की." ते रागाने म्हणाले नाहीत, एखादी पान्याची जागा दाखवावी तसं म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला, जवळ आला. "काढून किती पडते?" "बाराशे सत्त्याहत्तर." "आणि विकत होतो पंधराशे दहाला." ती ऐकत राहिली, त्यांचे ओठ हलत असणार. "दोनशे तेहतीस," अण्णा म्हणाले. "दोनशे तेहतीस, अण्णा." "नीट केलंस ना? दोनदा?" "चारदा." आणि मग फोन बाजूला करून, साठीच्या माणसाने ओरडू नये इतक्या मोठ्याने ते आत ओरडले, "अगं ऐकलंस का! आमची गाडी नफ्यात होती! दोनशे तेहतीस! कारखान्यात सगळ्यांत जास्त!" आई काहीतरी म्हणाली, ते हसले, पुन्हा तेच म्हणाले. भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. तिने त्यांची पाच वर्षं घेतली होती आणि ते लहान मुलासारखे खूश होते, आणि हे सहन करणं तिला टोमण्यापेक्षा जड जात होतं. "अण्णा, मला माफ..." "ते राहू दे आता, संध्याकाळी ये, सगळा तक्ता घेऊन ये. ठेव फोन. मला बाकीच्या आठ जणांना कळवायचंय." त्यांना खूप घाई झाली होती, कागद शोधल्याचा आवाज येत होता. "आठ नाही, सात. वेल्डिंगवाला गेला ना गेल्या वर्षी." पान उलटल्याचा आवाज आला. "त्याच्या बायकोला आधी सांगतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.